खोडदच्या जाळीत सापडलेल्या बटू दीर्घिका

१९९३ साली लो, सार्जंट आणि यंग या तीन खगोलशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील व्हीएलए या रेडिओ दुर्बिणीतून काही अतिमंद बटू दीर्घिकांचे निरीक्षण करून एक निष्कर्ष मांडला. या दीर्घिकांतील वायूच्या हालचालीत शिस्त दिसत नाही. मोठ्या दीर्घिका जशा स्वतःभोवती फिरतात तशा या फिरत नाहीत. त्यांच्यात गोंधळ अधिक आणि परिवलन कमी, असे त्यांचे म्हणणे होते. निरीक्षणे काळजीपूर्वक केलेली होती आणि दुर्बीण त्या काळातील सर्वोत्तमांपैकी एक होती. त्यामुळे एका ठरावीक तेजस्वितेच्या खाली दीर्घिकांचे सुव्यवस्थित फिरणे संपते, ही समजूत पुढील दशकभर टिकली.

ती समजूत डळमळीत झाली पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात, खोडद गावाच्या माळावर. तो निकाल ज्या दुर्बिणीने दिला, ती मुळात या कामासाठी उभारलेलीच नव्हती.

वजन कशाने करायचे?

दीर्घिका फिरते की नाही, या प्रश्नाला एवढे महत्त्व का, हे आधी पाहायला हवे. दीर्घिकेचे वजन करण्याचा तराजू म्हणजे तिच्यातील ताऱ्यांची आणि वायूची गती. केंद्राभोवती फिरणारा वायू ज्या वेगाने फिरतो, त्यावरून त्याला धरून ठेवणारे गुरुत्वाकर्षण किती, हे कळते; गुरुत्वाकर्षणावरून वस्तुमान कळते. हे वस्तुमान दिसणाऱ्या तारे-वायूंच्या बेरजेपेक्षा जास्त भरले, तर उरलेला भाग कृष्णद्रव्याच्या नावावर मांडला जातो.

मोठ्या सर्पिल दीर्घिकांत तारेच इतके असतात की कृष्णद्रव्याचा वाटा वेगळा काढताना ताऱ्यांच्या वस्तुमानाचा अंदाज जरा चुकला तरी सगळा हिशेब बिघडतो. बटू दीर्घिकांत तारे मोजकेच असतात. आपल्या आकाशगंगेचा निळा प्रकाश सुमारे दोन हजार कोटी सूर्यांएवढा धरला, तर या मंद बटू दीर्घिकांचा प्रकाश दोन-अडीच कोटी सूर्यांएवढा, कित्येकदा त्याहूनही कमी भरतो. म्हणजे येथे कृष्णद्रव्य जवळजवळ उघडेच सापडते. पण त्याचे वजन करायचे, तर वायूची हालचाल सुव्यवस्थित हवी. हालचाल गोंधळाची असेल तर तराजूचा काटा स्थिर होत नाही. १९९३ च्या निष्कर्षाचा खरा अर्थ असा, की कृष्णद्रव्य जेथे सर्वांत स्वच्छ दिसायला हवे, नेमका तेथेच तराजू निकामी होता.

सिडनीच्या जलाशयाकाठी

या प्रश्नाची पाळेमुळे १९५० च्या दशकात सापडतात. तटस्थ हायड्रोजन २१ सेंटिमीटर तरंगलांबीच्या रेडिओ लहरी सोडत असावा, असे भाकीत डच शास्त्रज्ञ व्हॅन डी हुल्स्ट यांनी १९४४ मध्ये केले. हायड्रोजनच्या अणूतील इलेक्ट्रॉनची फिरकी प्रोटॉनच्या तुलनेत उलटते, तेव्हा ही लहर बाहेर पडते. एकटा अणू आपणहून अशी लहर सोडायला सरासरी सुमारे एक कोटी वर्षे घेतो. पण दीर्घिकेत अणूंची संख्या इतकी अफाट, की हा क्षीण आवाज सतत येत राहतो. १९५१ च्या मार्चमध्ये हार्वर्डला यूएन आणि पर्सेल यांनी तो प्रथम ऐकला. त्याची वारंवारता १४२०.४ मेगाहर्ट्‌झ. वायू आपल्याकडे येत असेल तर ही वारंवारता किंचित वाढते, दूर जात असेल तर किंचित घटते. वायूचा वेग या फरकावरून मोजता येतो.

आकाशगंगेबाहेर हा आवाज पहिल्यांदा ऐकू आला तो दोन बटू दीर्घिकांतूनच. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळच्या पॉट्स हिल येथे, जलाशयाकाठच्या केंद्रावर ३६ फूट व्यासाच्या तबकडीने केर, हिंडमन आणि रॉबिन्सन यांनी मॅगेलनच्या मोठ्या आणि लहान मेघांतील हायड्रोजन टिपला. १९५४ मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. धूळ नगण्य वाटणाऱ्या लहान मेघातही वायू मुबलक निघाला. पुढच्याच वर्षी केर आणि द व्होकुलर यांनी या मेघांच्या परिवलनाचा अभ्यास मांडला.

याच सुमारास दोन भारतीय तरुण त्याच संस्थेत उमेदवारी करत होते. एक गोविंद स्वरूप, दुसरे कोडाईकनाल वेधशाळेतून आलेले आर. पार्थसारथी. पॉट्स हिल येथे सूर्याच्या निरीक्षणासाठी उभ्या असलेल्या सहा-सहा फुटी तबकड्यांच्या रांगेवर त्यांनी काम केले. ती रांग पुढे निरुपयोगी ठरणार असे दिसताच, त्या ३२ तबकड्या भारताला मिळाव्यात असा प्रयत्न स्वरूप यांनी केला. तबकड्या भारतात आल्या आणि १९६५ मध्ये मुंबईजवळ कल्याण येथे उभ्या राहिल्या. टीआयएफआरच्या रेडिओ खगोलशास्त्राची ती सुरुवात. १९७० मध्ये उटीची दुर्बीण आली आणि त्यानंतर खोडदचा संकल्प.

येथे भूगोलाची एक गंमत नोंदवण्याजोगी आहे. बंगळूरुच्या जयनगरातून मोठा मॅगेलन मेघ दक्षिण क्षितिजाच्या वर जास्तीत जास्त सात अंश येतो आणि लहान मेघ जेमतेम चार. शहरी उजेडात आणि धुरकट क्षितिजावर एवढ्या खालची अंधुक वस्तू दिसणे कठीणच. पुण्यातून तर मोठा मेघ दीड-दोन अंशांवर येऊन मावळतो आणि लहान मेघ कधी उगवतच नाही. म्हणजे ज्या देशातील शास्त्रज्ञांनी बटू दीर्घिकांच्या अभ्यासात मोलाची भर घातली, त्याच्या बहुतेक भागातून सर्वांत प्रसिद्ध बटू दीर्घिकांची जोडी नीट पाहताही येत नाही. भारतीय संशोधकांना या विषयात दुर्बिणीच्या बळावरच शिरावे लागले.

जाळीची दुर्बीण आणि बंगळूरुचे ग्राहक

खोडदची महाकाय मीटर तरंग रेडिओ दुर्बीण, अर्थात जीएमआरटी, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची आहे. त्यांतील १४ तबकड्या सुमारे एक चौरस किलोमीटरच्या मध्यवर्ती भागात दाटीने उभ्या आहेत. उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराच्या तीन भुजांवर, एकूण सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात आहेत. तबकड्यांचा पृष्ठभाग पत्र्याचा नाही. ताणलेल्या तारांच्या आधारावर पोलादी तारेची जाळी बसवलेली आहे. वारा तिच्यातून निघून जातो, त्यामुळे सांगाडा हलका आणि खर्च कमी. मीटरभर लांबीच्या लहरींना ही जाळी सलग आरशासारखीच भासते.

या दुर्बिणीचे एक प्रमुख उद्दिष्ट होते अतिदूरच्या, दीर्घिका-समूहांएवढ्या प्रचंड हायड्रोजन-ढगांचा शोध. विश्वात आधी अशा महाकाय रचना घडल्या आणि मग त्या तुटून दीर्घिका झाल्या, असा एक प्रबळ विचार त्या काळी होता. त्या ढगांतून निघालेली २१ सेंटिमीटरची लहर विश्वाच्या प्रसरणामुळे ताणली जाऊन मीटरभर लांबीची होऊन पोहोचली असती. जीएमआरटी हे नावच मीटर तरंगांवरून पडले आहे.

पुढे निरीक्षणांचा आणि सिद्धान्ताचा कौल उलट दिशेने गेला. आधी लहान गोळे घडले आणि त्यांच्या विलीनीकरणातून मोठ्या दीर्घिका उभ्या राहिल्या, हे चित्र स्थिरावले. महाकाय आदिढग सापडले नाहीत. पण त्याच नव्या चित्रात बटू दीर्घिकांचे मोल वाढले, कारण विश्वाच्या बांधकामातील सुरुवातीच्या विटांशी साधर्म्य असलेल्या आणि शेजारीच उपलब्ध असलेल्या वस्तू त्याच होत्या.

जवळच्या दीर्घिकांतील हायड्रोजन ऐकायचा, तर दुर्बिणीला मूळ १४२० मेगाहर्ट्‌झवर काम करता यायला हवे. जीएमआरटीच्या वारंवारतांची ही जवळपास वरची हद्द. येथे बंगळूरुचा हात लागला. १००० ते १४५० मेगाहर्ट्‌झ या पट्ट्याचे ग्राहक बंगळूरुच्या रामन संशोधन संस्थेने तयार केले. या संस्थेत रेडिओ खगोलशास्त्र रुजवणारे व्ही. राधाकृष्णन १९७२ पासून तिचे संचालक होते आणि त्यापूर्वी ऑस्ट्रेलियात त्यांनी आकाशगंगेतील हायड्रोजनच्या याच रेषेवर महत्त्वाचे काम केले होते. सिडनीत सुरू झालेले दोन धागे, एक कल्याण-उटीमार्गे आणि दुसरा बंगळूरुमार्गे, असे खोडदच्या तबकड्यांच्या नाभीशी एकत्र आले. २००१ साली दुर्बीण राष्ट्राला अर्पण झाली.

सात किलोमीटरचा वेग

पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रात, म्हणजे एनसीआरएमध्ये, आयेशा बेगम आणि जयराम चेंगलूर यांनी अतिमंद बटू दीर्घिका हाती घेतल्या. जीएमआरटीचा आराखडा या कामाला अनपेक्षितपणे सोयीचा ठरला. मध्यभागी दाटीने उभ्या तबकड्यांमुळे दूरवर पसरलेला विरळ वायू दिसतो आणि भुजांवरील तबकड्यांमुळे बारीक तपशील उमटतो. व्हीएलएमध्ये यासाठी तबकड्या रुळांवरून हलवून वेगवेगळ्या मांडण्यांत निरीक्षणे घ्यावी लागतात. येथे एकाच निरीक्षणातून दोन्ही हाती येतात.

दुसरी गोष्ट वेगाच्या बारकाईची. आपला सूर्य आकाशगंगेच्या केंद्राभोवती सेकंदाला सुमारे २२० किलोमीटर वेगाने फिरतो. बटू दीर्घिकेत हा वेग सेकंदाला सहा-सात किलोमीटर असू शकतो, म्हणजे १४२० मेगाहर्ट्‌झमध्ये फक्त ३० किलोहर्ट्‌झच्या आसपासचा फरक. मोजपट्टीच्या खुणा जाड असतील तर एवढा फरक त्यांतच बुडून जाणार. बेगम आणि चेंगलूर यांनी सुमारे ७.८ किलोहर्ट्‌झ, म्हणजे सेकंदाला १.६५ किलोमीटर, एवढ्या बारीक खुणांची मोजपट्टी वापरली.

२००३ मध्ये जर्मन खगोलशास्त्रज्ञ उलरिख होप यांच्यासह त्यांनी कॅमेलोपार्डालिस बी या दीर्घिकेचा अभ्यास प्रसिद्ध केला. हिचा निळा प्रकाश अवघा ३५ लाख सूर्यांच्या आसपास. वायूच्या वेगांचा नकाशा काढला, तेव्हा त्यात गोंधळ नव्हता. एक बाजू आपल्याकडे येत होती, दुसरी दूर जात होती आणि दोहोंमधील बदल सलग होता. इतक्या मंद दीर्घिकेत असे नेटके परिवलन पूर्वी नोंदले गेले नव्हते. पुढच्या वर्षी कुंभ राशीतील डीडीओ २१० या आणखी एका अतिमंद दीर्घिकेतही सुव्यवस्थित वेगक्षेत्र आढळले.

मात्र वजन करण्यापूर्वी एक दुरुस्ती आवश्यक होती. कॅमेलोपार्डालिस बी मध्ये परिवलनाचा वेग सेकंदाला सुमारे सात किलोमीटर आणि वायूच्या कणसमूहांची विस्कळीत धावपळही तेवढ्याच वेगाची. अशा वेळी वायूला आत कोसळण्यापासून केवळ फिरणे वाचवत नाही. विस्कळीत हालचालीमुळे निर्माण झालेला दाबही त्याला सावरून धरतो. नुसता परिवलनाचा वेग धरून वजन केले, तर ते फार कमी भरते. दाबाचा वाटा जमेस धरला, तेव्हा बाहेरच्या कडेला हा वेग सेकंदाला सुमारे वीस किलोमीटर ठरला. वस्तुमान वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे ही किरकोळ वाटणारी दुरुस्ती उत्तर जवळजवळ आठपट बदलते. या वजनाचा मेळ दिसणाऱ्या तारे-वायूंशी बसत नव्हता. कृष्णद्रव्याचे आवरण मानणे भाग होते. शिवाय संगणकीय प्रतिरूपे सांगतात तशी कृष्णद्रव्याची केंद्राकडे टोकदार दाटी येथे जुळत नव्हती; मध्यभागी सपाट घनता असलेले आवरण अधिक चांगले जुळले. हा वाद अजून मिटलेला नाही आणि त्यात बटू दीर्घिकांची साक्ष वारंवार काढली जाते.

ताऱ्यांच्या कित्येक पट वायू

२००५ मध्ये याच चमूने, रशियन खगोलशास्त्रज्ञ इगोर कराचेन्त्सेव यांच्यासह, सप्तर्षी तारकासमूहातील एनजीसी ३७४१ या दीर्घिकेचा निकाल जाहीर केला. प्रकाशात दिसणाऱ्या कडेच्या आठपटींहून अधिक अंतरापर्यंत तिची वायूची तबकडी पसरलेली होती. तोवर माहीत असलेल्या तबकड्यांत प्रकाशाच्या मानाने ती बहुधा सर्वांत विस्तीर्ण. परिवलनाचा वेग बाहेर जाताना घटत नव्हता, स्थिर राहत होता. एकूण वस्तुमान आणि प्रकाश यांचे गुणोत्तर सूर्याच्या मानाने १०७ च्या आसपास निघाले. तारे पाहून जिचा अंदाज करावा त्याहून ही दीर्घिका कितीतरी मोठी आणि काळोखी होती. मूर्ती लहान म्हणावी, तर ती फक्त डोळ्यांना लहान होती.

सुट्या उदाहरणांवरून नियम ठरत नाही, म्हणून २००८ मध्ये फिग्ज या नावाने ६५ मंद अनियमित दीर्घिकांचे सर्वेक्षण प्रसिद्ध झाले. त्यांची अंतरे आणि प्रकाश यांचा पाया कराचेन्त्सेव व शारिना यांच्यासारख्या सहकाऱ्यांनी पुरवला. वायूचा नकाशा खोडदने काढला. बहुतेकींत व्यापक पातळीवर सलग वेगरचना आढळली, आदर्श परिवलनाशी ती तंतोतंत जुळली नाही तरी. १९९३ चा निष्कर्ष निष्काळजीपणातून आलेला नव्हता. बारीक खुणांची मोजपट्टी आणि विरळ वायू टिपणारी मांडणी मिळाल्यावर त्याच प्रकारच्या वस्तू वेगळ्या दिसल्या, एवढाच त्याचा अर्थ.

त्याच सामग्रीतून पुढील प्रश्न निघाले. संबित रायचौधुरी आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवले, की या दीर्घिकांतील वायूची तबकडी भाकरीसारखी चपटी नसून इडलीच्या जवळ जाणारी आहे. जाडी आणि व्यास यांचे सरासरी गुणोत्तर सुमारे ०.६. मोठ्या सर्पिल दीर्घिकांतील ताऱ्यांच्या तबकडीत हेच गुणोत्तर ०.२ च्या आसपास असते. गुरुत्वाकर्षण दुबळे असले की सात-आठ किलोमीटरची विस्कळीत धावपळही वायूला खूप उंच उचलते. जाड तबकडीत वायू विरळ राहतो आणि त्याच संशोधकांच्या अभ्यासानुसार मोठ्या दीर्घिकांना लागू पडणाऱ्या नियमाच्या तुलनेत येथे तारे सावकाश जन्मतात. मुबलक कच्चा माल असूनही हे कारखाने मंद का चालतात, याच्या उत्तराचा एक भाग येथे सापडतो. जाडीचा सैद्धान्तिक हिशेब बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेत चंदा जोग, अरुणिमा बॅनर्जी आणि सहकाऱ्यांनी केला. २०११ मध्ये त्यांनी चार बटू दीर्घिकांत तारे, वायू आणि कृष्णद्रव्य यांची एकत्रित ओढ धरून वायूची उंची काढली.

ताऱ्यांची साक्ष

वायू ही कथेची एक बाजू. आकाशगंगेच्या निकट असलेल्या बऱ्याच बटू दीर्घिकांत वायू उरलेलाच नाही. तेथे ताऱ्यांचीच साक्ष घ्यावी लागते. १९८३ मध्ये मार्क आरॉन्सन यांनी कालेय तारकासमूहातील बटू दीर्घिकेच्या केवळ तीन ताऱ्यांचे वेग मोजून तेथे कृष्णद्रव्य भरपूर असावे, असे सुचवले. तीन ताऱ्यांवरून एवढे मोठे विधान अनेकांना धाडसी वाटले. पुढच्या शेकडो ताऱ्यांच्या मोजमापांनी त्याला दुजोरा दिला.

बंगळूरुच्या कोरमंगला भागातील भारतीय खगोलभौतिकी संस्थेने ताऱ्यांचा मार्ग वेगळ्या प्रकारे वापरला. कोडाईकनालची वेधशाळा आज याच संस्थेचा भाग आहे. अन्नपूर्णी सुब्रमण्यम आणि स्मिता सुब्रमण्यन यांनी मॅगेलन मेघांतील एका विशिष्ट अवस्थेतील लाल ताऱ्यांचा आधार घेतला. हे तारे मूळ तेजस्वितेत जवळजवळ सारखे असतात. म्हणून त्यांच्या दिसणाऱ्या तेजातील फरक म्हणजे अंतरातील फरक. या युक्तीने २००९ पासूनच्या त्यांच्या शोधनिबंधांत मेघांची खोली मोजली गेली आणि लहान मेघ आपल्या दृष्टिरेषेत बराच लांबवर पसरलेला असल्याचे दिसले. मोठ्या मेघाशी झालेल्या ओढाताणीच्या खुणा त्याच्या आकारात आहेत. जयनगरच्या क्षितिजावर चार अंशांपुढे न येणारा मेघ, शेजारच्या कोरमंगलात बसून परदेशी दुर्बिणींच्या नोंदींवरून असा तीन मितींत उलगडला गेला.

पुढची पायरी अवकाशात गेली. २८ सप्टेंबर २०१५ रोजी प्रक्षेपित झालेल्या अ‍ॅस्ट्रोसॅटवरील अतिनील दुर्बीण याच खगोलभौतिकी संस्थेच्या पुढाकाराने, बंगळूरुजवळच्या होसकोटे येथील प्रयोगशाळेत जुळवली गेली. तिच्या निरीक्षणांवरून पुण्याच्या आयुकातील कनक साहा आणि तेजपूर विद्यापीठातील अंशुमन बोरगोहेन यांच्यासह एका चमूने २०२२ मध्ये ‘नेचर’मध्ये ११ दूरस्थ निळ्या बटू दीर्घिकांचा वृत्तान्त दिला. दृश्य कडेच्या बाहेर, विरळ वायूच्या प्रदेशात, तेथे नवे तारे जन्मत असल्याचे अतिनील प्रकाशात दिसले. बाहेरून येणारा वायू घेत बटू दीर्घिका कडेने कशी वाढते, याचे हे दर्शन होते.

एकत्र पाहिले तर या सत्तर वर्षांत बटू दीर्घिकेची व्याख्याच बदलली आहे. पूर्वी ती ताऱ्यांचा एक छोटा, विस्कळीत पुंजका होती. आता ती कृष्णद्रव्याच्या मोठ्या आवरणात सावकाश फिरणारी, जाड वायूची तबकडी आहे. तिच्या मध्यभागी थोडेसे तारे पेटलेले असतात आणि डोळ्यांना तेवढेच दिसतात. हा बदल घडवण्यात जुन्नरच्या माळावरील जाळीचा वाटा मोठा आहे. महाकाय रचना शोधण्यासाठी बांधलेल्या त्या दुर्बिणीत लहान दीर्घिका सापडल्या आणि डोंगर पोखरून उंदीर निघाला असे म्हणण्याची सोय राहिली नाही. कारण आज डोंगर कसे घडले हे समजून घ्यायचे, तर याच लहान दीर्घिकांकडे यावे लागते.